न वाचता दाबलेलं होय

सगळा पडदा एकदम काळवंडला आणि मधोमध पिवळ्या पट्टीची चौकट उभी राहिली, तसा विनोद गजभियेचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. तालुका क्रीडा स्पर्धेची नावनोंदणी करायची होती. त्यासाठी आलेली एक फाइल उतरवून चालू करायची, एवढंच काम. बाहेर सातवीच्या वर्गात पाढे चालले होते, वरचा पंखा नोव्हेंबरातही उगाच फिरत होता, आणि चौकट थांबली होती. इंग्रजीतल्या तीन-चार ओळी. ह्या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? पब्लिशर, अननोन. फाइल कुठून आली, तर इंटरनेटवरून. खाली दोन खाने, येस आणि नो. शाळेच्या कार्यालयात कॉम्प्युटर येऊन बारा वर्षं झाली होती आणि या बारा वर्षांत ही चौकट त्याच्यासमोर शंभरदा तरी आली असेल. ती त्यानं कधी वाचली नव्हती. अंगावर बसलेली माशी उडवावी तशी उडवली होती. आज मात्र तो अक्षर न् अक्षर वाचत होता, ओठ हलवून. शेवटी त्यानं नो दाबलं. पडदा पुन्हा उजळला. समोरच्या टेबलावर, जिथं पूर्वी संगणक चालवणारी रेणू बसायची तिथं, दाखल-खारीज रजिस्टरांची चळत होती. ती उजेडात फार स्पष्ट दिसू लागली.

चार महिन्यांपूर्वीची ती दुपार त्याच्या मनात कधीच पूर्ण उगवत नसे, तुकड्यांनी येई. रेणू डबा खायला मागच्या खोलीत गेलेली. तिची खुर्ची किंचित तिरपी, पाठीला हिरवी ओढणी अडकवलेली. संस्थेचे सचिव भैयाजी फोनवर: "गजभियेबाबू, संचमान्यतेचा काही मेल आला म्हणतात, दहा मिनिटात पाहून सांगा." शिक्षकांची किती पदं राहणार हे ज्या कागदावर ठरतं तो कागद, म्हणजे सगळ्यांचा जीव त्यात. मेल रेणूच्या मशीनवर यायचा. रेणूला हाक मारता आली असती. मागची खोली अकरा पावलांवर होती, ती त्यानं नंतर मोजली. पण हाक मारायची म्हणजे, मले हे उघडता येत नाही, असं म्हणायचं. तो स्वतःच तिच्या खुर्चीवर बसला. मेल होता, विषयात लिहिलं होतं 'तातडीचे, संचमान्यता'. फाइलीचं चित्र एक्सेलच्या तक्त्यासारखंच हिरवं. त्यानं ती उतरवली, उघडली, पडदा काळवंडला, पिवळी पट्टी आली आणि त्यानं येस दाबलं. काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा उघडली, पुन्हा येस. तरी काही नाही. संचमान्यतेचं अजून काही आलं नाही असं त्यानं भैयाजींना कळवलं आणि आपल्या टेबलाशी येऊन बसला. काही झालं नाही याचं त्याला तेव्हा बरं वाटलं होतं, हे त्याला नंतर सगळ्यात जास्त टोचलं. चार वाजता रेणू म्हणाली, "सर, फाइला उघडून नाही राहिल्या." तो तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. अकरा वर्षांचे दाखले, गुणपत्रकं, मुलांचे फोटो, एकेका फाइलीचं नाव त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होतं. मागे कसलंतरी लांबलचक शेपूट लागत होतं. मग एक लाल पान उघडलं आणि त्यात कुलूप काढायचे पैसे मागितले होते.

भैयाजी दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी सगळ्यांना उभं करून एकच प्रश्न विचारला, "उघडली कोणं?" या प्रश्नानंतर जी शांतता पसरली ती किती वेळ होती हे विनोदला सांगता आलं नसतं. एखादा माणूस खिशातून रुमाल काढून तोंड पुसून परत ठेवील, एवढीच असेल. तेवढ्यात रेणू म्हणाली, "मशीन माझीच आहे. पण मी तं... मले आठोत नाही सर, सकाळपासून किती तरी मेल उघडले मी." त्या वाक्यावर प्रकरण मिटलं. तिला कोणी काढलं नाही. ती कंत्राटावर होती, पुढचा आदेश निघाला नाही, इतकंच. कार्यालयात माणसाला काढण्याची ही सगळ्यात सभ्य रीत, आणि ती रीत विनोदला पाठ होती, कारण टिपण त्यानंच लिहिलं होतं. 'संगणक चालक यांच्या निष्काळजीपणामुळे शाळेच्या अभिलेखांची हानी झाली असल्याने.' त्याचं मराठी शुद्ध होतं, अक्षर वळणदार होतं. भैयाजी म्हणाले होते, टिपण लिहावं तं गजभियेबाबूनं. रेणूनं जाताना सगळ्यांना नमस्कार केला. त्याच्या टेबलाशी दोन क्षण जास्त थांबली आणि म्हणाली, "सर, तुमी मले खूप सांभाळून घेतलं."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तो या शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागला. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा त्यानं तुमसरला एका खडखडत्या मशीनवर पास केल्या होत्या. त्याच्या घरात पगाराचं पाकीट नवं नव्हतं. बाप, परसराम, चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली एकतीस वर्षं होता. पण टेबलखुर्चीची नोकरी पहिली त्याचीच. पहिल्या महिन्यातच त्यानं तेव्हाच्या मोठ्या बाबूंना विचारलं होतं की सेवापुस्तकात रजेची नोंद कोणत्या रकान्यात घ्यायची. साधा प्रश्न. मोठे बाबू चष्म्यावरून बघत, चार जणांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "तुमच्या लोकायले नोकरी कोट्यातून मिळते, अक्कल नाही भेटत का तिथं?" सगळे हसले. खुनशीपणानं नव्हे, चहा पिता पिता माणसं हसतात तसे. विनोदही थोडा हसला. त्या दिवसापासून त्यानं त्या कार्यालयात कोणालाही काहीही विचारलं नाही. सगळं स्वतः शिकला. जुन्या फाइली घरी नेऊन वाचल्या, नियमांची पुस्तकं पाठ केली, आणि सहा-सात वर्षांत अशी वेळ आली की लोक त्याला विचारायला येऊ लागले. मग कॉम्प्युटर आला. नागपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तो शेवटच्या रांगेत बसला होता. शिकवणारा पोरगेला माणूस भराभर म्हणत होता, येस दाबा, नेक्स्ट दाबा, येस, नेक्स्ट, फिनिश. विनोदनं वहीत तसंच लिहून घेतलं. येस, नेक्स्ट, येस, नेक्स्ट, फिनिश. का, ते कोणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. रेणू आली तेव्हा तिनं कितीदा म्हटलं असेल, सर, इकडं या, दाखवतो. तो म्हणायचा, मले माहीत आहे, तू कर.

जेवणाच्या सुट्टीत तो व्हरांड्याच्या टोकाशी गेला आणि त्यानं नागपूरला फोन लावला. प्रतिक्षा, त्याची मुलगी, तिथं इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"जेवली का?"

"जेवून राहिली बाबा. काय झालं, या टाइमाले फोन?"

"काही नाही. कॉम्प्युटरवर ते पिवळं येते न, फाइल उघडताना. अननोन पब्लिशर. ते नेमकं काय असते?"

पलीकडे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "म्हणजे फाइल कोणं बनवली त्याची सही नाही तिच्यावर. तुमी दाखल्यावर सही-शिक्का पाह्यता का नाही, तसं. शिक्का नाही म्हणून दाखला खोटाच असते असं नाही. पण खरा आहे, असंबी म्हणता येत नाही."

"म्हणजे धोका आहे असं सांगते ते."

"नाही न बाबा, तेच तं सगळ्यायचं चुकते. ते धोका आहे म्हणत नाही. ते म्हणते, मी हिले ओळखत नाही, तुमी ओळखता का? कोणं पाठवली, आपण मागितली होती का, नावाच्या शेवटी काय लिहिलं आहे, एवढं पाह्याचं. एक्सेलसारखी दिसते पण शेवटी ईएक्सई असन तं ती कागद नाही, ती चालणारी गोष्ट आहे. नाही समजलं तं नो दाबायचं अन् कोणाले तरी विचारायचं."

"अन् येस दाबलं तं?"

"मंग मशीन बाजूला होते. तुमी जबाबदारी घेतली असं समजते ते." ती थोडी थांबली. "बाबा, तुमी काही दाबलं का?"

"नाही," तो म्हणाला, आणि आज खरोखरच नाही दाबलं, हे आठवून त्याला आपल्याच खरेपणाची शिसारी आली.

दुपारभर तो कामं करत राहिला, सह्या घेत, बिलं लावत, आणि आत एक वाक्य फिरत होतं. तुमी जबाबदारी घेतली असं समजते. म्हणजे त्याला विचारलं गेलं होतं. मशीननं त्याला व्यवस्थित, सभ्यपणानं विचारलं होतं आणि त्यानं हो म्हटलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही हो. भैयाजींनी विचारलं तेव्हा मात्र तो गप्प राहिला. इतके दिवस त्यानं आपली अशी समजूत घातली होती की चूक ही गोष्ट वाऱ्यासारखी आली आणि वाटेत रेणू उभी होती. कोणालाही कळलं नसतं, तिच्या जागी कोणीही असतं. पण चूक वाऱ्यासारखी आलीच नव्हती. ती दारात उभी राहून, मी कोण आहे ते तुला माहीत नाही, आत येऊ का, असं विचारून आत आली होती. पाच वाजता त्यानं स्कूटर काढली. वैनगंगेच्या पुलावर धानाचे पेंढे लादलेल्या ट्रॅक्टरमागे तो हळूहळू चालत राहिला, पुढं काढावी असं त्याला वाटलं नाही. नदी उतरली होती. पलीकडे कारध्याची घरं दिसत होती, त्यात त्याचं, वरच्या मजल्याचं प्लॅस्टर राहिलेलं.

परसराम अंगणात खाटेवर बसून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होता. डोळे अधू झाले होते, तो बोटांनीच वेचायचा. खाणीत त्याचं काम छत ठोकण्याचं होतं. पाळी सुरू व्हायच्या आधी लांब लोखंडी सब्बल घेऊन माथ्यावरचा दगड ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर बरं, पोकळ आला तर तेवढा भाग आधी पाडून घ्यायचा, मगच बाकीची माणसं आत. विनोद त्याच्याजवळ खाटेच्या दांडीवर बसला. बापाशी तो असाच बसायचा.

"बाबा, न ठोकता कधी ठीक आहे म्हटलं का तुमी?"

परसरामची बोटं थांबली नाहीत. "एकडाव. ताप होता आंगात. शेवटचा दहा हात तुकडा राह्यला होता, म्हटलं रोजचाच दगड आहे. ठीक आहे म्हटलं, अन् गेले समदे आत."

"मग?"

"मंग काय. बसलो बाजूले. बसवेना. आत गेलो अन् म्हटलं, चला रे बाहेर, मी ठोकलं नाही. पाळीवरचा मेट लय बोलला मले. समदे हासले. अर्धा घंटा गेला. ठोकलं तं दगड बराच होता, काही नव्हतं."

"काही नव्हतं तर सांगितलं काहून?"

म्हातारा त्याच्याकडे वळला. त्याची नजर विनोदच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पडली. "ते दगडाखाली होते न बापा," तो म्हणाला. "मी थोडीच होतो."

दुसऱ्या दिवशी विनोदनं रजा टाकली. महामार्गाला लागल्यावर रोज तो डावीकडे, पुलाकडे वळायचा. आज उजवीकडे वळला. लाखनीपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेली धानाची बांधी होती, ट्रक सारखे अंगावरून जात होते, आणि त्याच्या डोक्यात वाक्यं तयार होत होती. ती सगळी टिपणाच्या भाषेत तयार होत होती. 'सदर प्रकरणी', 'अनवधानाने'. रेणूचं घर त्याला माहीत नव्हतं. बस थांब्याजवळ विचारलं तेव्हा कळलं की ती पुढं एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. दुकान पंक्चरवाल्याच्या शेजारी होतं. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, आणि मागे रेणू, आधीपेक्षा वाळलेली. त्याला बघून ती लगबगीनं उठली. "सर, तुमी? या न, बसा." तिनं आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. शेजारच्या टपरीवर चहा सांगितला. शाळेतल्या सगळ्यांची विचारपूस केली. विनोदनं चहा हातात धरला आणि वाटेत तयार केलेली सगळी वाक्यं विसरून म्हणाला, "रेणू, ती फाइल मी उघडली होती. तू जेवायला गेली होती तवा. तुझ्या मशीनवर. दोनदा येस दाबलं मी."

एका गिऱ्हाइकाच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स समोर होत्या, त्या तिनं सारख्या करून बाजूला ठेवल्या. बाहेर एक ट्रक ब्रेक दाबत थांबला, त्याचा लांब फुसकारा संपेपर्यंत ती खाली बघत राहिली.

"दोनदा," ती म्हणाली.

"हो."

"सर, मी चार महिने झाले तो दिवस आठवून राहिली." तिचा आवाज चढला नव्हता, उलट इतका हळू झाला की त्याला पुढं वाकावं लागलं. "सकाळपासून काय काय उघडलं, कोणता मेल, किती वाजता. झोपतानी, सैपाक करतानी. मले काही आठोत नाही, तं मले वाटे माह्यातच काही तरी कमी आहे. आपण केलं अन् आपल्यालेच याद नाही. घरी बाबा म्हणत, तुले बारीक कामं जमत नाही पोरी, धानाच्या कामावर चाल. मी म्हटलं, हो, नसन जमत. इथं कोणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं तं माहे हात कापतात. मालकाले म्हणतो तुमी उघडा. मंग आता लोकं मालकालेच काम देतात." ती थांबली. "नोकरी जाते सर. कंत्राटाचीच होती. पण तुमी तं माही यादच खराब करून टाकली."

विनोदला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल, किंवा जाऊ द्या सर म्हणेल. या तिन्हींसाठी तो थोडा थोडा तयार होता. याच्यासाठी नव्हता. त्यानं माफी मागितली, पण तो शब्द तोंडातून निघताना इतका हलका वाटला की त्यानं तो पुन्हा उच्चारला नाही.

"मले इथं सांगून काय होईन?" रेणू म्हणाली. "ज्यायच्या पुढं तुमी गप राह्यले त्यायले सांगा."

"सांगतो. उद्याच."

"लिहून."

"लिहून."

तिनं आपल्या समोरचा की-बोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याची बोटं टायपिंगला सरावलेली होती, मजकूर भराभर उमटला. तिनं मागे उभं राहून वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "अनवधानाने नको, सर."

"मग काय लिहू?"

"काय झालं होतं?"

त्यानं विचार केला. "वाचलं नव्हतं मी. विचारायला लाज वाटली."

"मंग तसंच लिहा."

त्यानं लिहिलं: 'संगणकाने दाखवलेली सूचना न वाचता मी होय दाबले. मला ती समजत नव्हती व विचारण्याची लाज वाटली. नंतर सर्वांसमोर विचारले असता मी गप्प राहिलो. रेणू यांचा यात काहीही दोष नाही व त्यांच्याविरुद्धचे टिपण मी खोटे लिहिले.' एकोणीस वर्षांत त्यानं इतकं उघडं मराठी लिहिलं नव्हतं. प्रिंट निघाली तेव्हा कागद कोमट होता. रेणूनं त्याची एक झेरॉक्स काढून आपल्या खणात ठेवली. तो निघाला तेव्हा तिनं "या" म्हटलं, पण बाहेरपर्यंत आली नाही.

भैयाजींनी ते पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. दार लोटून घेतलं. "गजभियेबाबू, झालं ते झालं. पोरगी गेली, मामला थंडा झाला. आता हे कायले? सर्व्हिस खराब होईन तुमची. आना इकडं, फाडून टाकू."

"आवक झाली आहे साहेब," विनोद म्हणाला. "नंबर पडला आहे त्याच्यावर."

भैयाजींनी कागदाच्या कोपऱ्यातला निळा शिक्का पाहिला. आवक रजिस्टरात चढलेला कागद फाडता येत नाही हे त्यांना विनोदनंच कधीकाळी शिकवलं होतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मले त्या दिवशीच सांगतलं असतं तं मी काय केलं असतं, मालूम आहे?"

"नाही."

"ओरडलो असतो. दुसरं काय करणार होतो मी?"

विनोद उभाच राहिला. एकोणीस वर्षं ज्या हसण्याला तो भीत आला होता, ते हसणारे मोठे बाबू कधीच निवृत्त होऊन मरून गेले होते. आणि समोर बसलेला हा माणूस फक्त दमलेला दिसत होता.

त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचं उत्तर त्यानं एका ओळीत दिलं. हेडक्लार्कचा कार्यभार काढून घेऊन त्याला संस्थेच्या पवनीकडच्या शाखेत पाठवण्यात आलं. प्रतिक्षाच्या आईनं दोन दिवस अबोला धरला, मग तिसऱ्या दिवशी पवनीच्या गाड्यांच्या वेळा विचारून आली. रेणूवरचं टिपण रद्द झालं, आणि तसं कळवून तिला परत येण्याचं पत्र गेलं. ती आली नाही. तिनं फक्त अनुभवाचा दाखला मागितला. पवनीच्या शाखेत एक जुना कॉम्प्युटर होता आणि खुशबू नावाची नवी शिक्षिका तो चालवायची. पहिल्या दिवशी विनोद तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मला हे पहिल्यापासून दाखवाल का? मला येत नाही." ती म्हणाली, "हो न सर," आणि दाखवू लागली. तेवढंच झालं.

डिसेंबरात एका दुपारी रेणूचा फोन आला. मागे ट्रकांचा आवाज होता.

"सर, पत्र अन् दाखला, दोन्ही भेटलं."

"बरं झालं."

"बाबांनी पत्र वाचलं. पहिले मनातल्या मनात वाचलं. मंग आईले बोलावून मोठ्यानं वाचलं. मंग शेजारचे आले, त्यायले वाचून दाखवलं." ती थांबली. त्याला वाटलं ती आणखी काही बोलेल, त्याच्याबद्दल काही. तो फोन कानाशी घट्ट धरून वाट बघत राहिला. "मले काही म्हटलं नाही त्यायनं," रेणू म्हणाली. "पण आता धानाच्या कामावर चाल म्हणत नाही. ठेवतो सर, गिऱ्हाईक आलं. माहीच वाट पाहून राहिले."